पन्नाशीत जर्मनीला जाताना

संपादक महोदय,

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मनीची सगळी चर्चा आयटीआय झालेल्या मुलांभोवती फिरते. पण पुण्या-नाशिकच्या कारखान्यांतून पंचेचाळिशी-पन्नाशीची माणसेही तिकडे जातात. पोराला चूक निस्तरायला चाळीस वर्षे मिळतात. बावन्नाव्या वर्षी गेलेल्याच्या काही चुका पहिल्या तीन महिन्यांतच कायमच्या होऊन बसतात. म्हणून राजीनामा देण्याआधी एकच प्रश्न घरात बसून सोडवावा: म्हातारपण तिकडे काढायचे की इकडे?

हा प्रश्न जर्मन सरकारलाही पडतो. पंचेचाळिशीनंतर प्रथमच कुशल कामगाराचा परवाना मागणाऱ्याला 2026 मध्ये वर्षाला किमान 55,770 युरो पगार किंवा वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. ब्लू कार्डवाल्यांना (जास्त पगाराच्या, उच्चशिक्षितांसाठीचा परवाना) ही अट नाही.

सर्वांत नाजूक भाग आरोग्य विम्याचा. पगार वर्षाला 77,400 युरोंच्या (2026 ची मर्यादा) आत असेल तर सरकारी विमा सक्तीचा, म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. त्याहून जास्त असेल तर ‘पब्लिक’ (सरकारी) आणि ‘प्रायव्हेट’ (खासगी) असे दोन रस्ते असतात. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या अशा माणसाला पब्लिकमध्ये स्वेच्छेने शिरता येते, पण फक्त तीन महिन्यांच्या आत. एजंट प्रायव्हेटचा कमी हप्ता दाखवतो आणि माणूस सही करतो. पंचावन्न उलटल्यावर प्रायव्हेटमधून पब्लिकमध्ये परतणे जवळजवळ अशक्य असते, आणि निवृत्तीनंतर पगार थांबला तरी प्रायव्हेटचा हप्ता थांबत नाही. तिकडेच राहायचे असेल तर पब्लिक घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पब्लिकमध्ये न कमावणारी पत्नी फुकट बसते, हे सगळे सांगतात. तिचे स्वतःचे उत्पन्न 2026 मध्ये महिना 565 युरोंच्या आत हवे, हे कोणी सांगत नाही. कोथरूडचा फ्लॅट आणि मुदत ठेवी तिच्या नावावर असतील, तर भाडे आणि व्याज मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

निवृत्तांच्या सवलतीच्या आरोग्य विम्यासाठी कामाच्या आयुष्याच्या उत्तरार्धातील नव्वद टक्के काळ सरकारी विम्यात गेलेला असावा लागतो. बाविसाव्या वर्षी भारतात नोकरीला लागून बावन्नाव्या वर्षी तिकडे गेलेला आणि 67 व्या वर्षी निवृत्त होणारा माणूस घ्या. 45 वर्षांचा उत्तरार्ध साडेबावीस वर्षे, त्याचे नव्वद टक्के सव्वावीस. याची भरतात पंधरा. मग तो ‘स्वेच्छा’ सदस्य ठरतो आणि त्याच्या हप्त्यात पुण्याचे भाडे आणि व्याजही धरले जाते.

पेन्शनचे गणित त्यामानाने सरळ आहे. सरासरी पगारावर वर्षभर काम केले की एक गुण, आणि 1 जुलै 2025 पासून एका गुणाला महिना 40.79 युरो. पंधरा वर्षांचे झाले सुमारे 612 युरो, करापूर्वी. त्यावर जर्मनीत म्हातारपण निघणार नाही. पुण्यात मात्र तो चांगला आधार आहे, आणि ही पेन्शन भारतात मिळते. हक्कासाठी किमान 60 महिने भरावे लागतात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू असल्याने पात्रता मोजताना दोन्हीकडची वर्षे जोडता येतात. रक्कम मात्र जिथे जेवढे भरले तेवढ्याचीच. म्हणूनच ईपीएसची (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) दहा वर्षे भरली नाहीत म्हणून घाईने ते पैसे काढू नयेत. भरलेल्या वर्षांची नोंद टिकवणारे स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवावे. दहा वर्षे झालेल्यांची पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. ती पन्नाशीपासूनही घेता येते, पण 58 च्या आधी घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कमी होते.

पीएफची रक्कम परदेशी नोकरीसाठी जाताना काढता येते. अडते ते क्षुल्लक जागी. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ती सदस्याला स्वतः भरता येते, पण शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला तरच. तोवर माणूस स्टुटगार्टात आणि सिम रिचार्जअभावी बंद. दावा मंजूर झाला तरी पैसे यूएएनला (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) जोडलेल्या बँक खात्यातच येतात, म्हणून ते खाते आधी बंद करू नये.

आता कर. नोकरीसाठी जाणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस 182 च्या आत राहिले तर तो अनिवासी. 1 एप्रिलपासून मोजल्यास 28 सप्टेंबरला 181 दिवस होतात. विमान 29 ला उडाले तर तो वर्षभरासाठी निवासी, आणि तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. 1 एप्रिल 2026 पासून आलेल्या नव्या आयकर कायद्यातही हा हिशेब तसाच आहे. सोबत जाणाऱ्या, नोकरी नसलेल्या पत्नीला ही 182 दिवसांची सूट नाही. त्या वर्षी 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत 365 दिवस भारतात राहिली तर ती निवासी, ही कसोटी तिला लागते, त्यामुळे त्या वर्षी नवरा अनिवासी आणि बायको निवासी असे सहज होते.

अनिवासी होणे नेहमी फायद्याचे नसते. ठेवींचे 10 लाख रुपये व्याज हेच उत्पन्न असेल तर नव्या करप्रणालीत निवासी माणसाला सवलतीमुळे कर शून्य. अनिवासीला ती सवलत नसल्याने 41,600 रुपये. बँक मात्र एनआरओ खात्यावर (अनिवासीचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) 31.2 टक्क्यांनी 3,12,000 कापते. जर्मन कर कार्यालयाचा निवास दाखला दिला तर भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार 10 टक्केच कापले जातात. उरलेला परतावा विवरणपत्र भरून मिळवायचा. वर हे व्याज जर्मनीतही दाखवायचे असते, आणि इथे करमुक्त असलेले एनआरईचे (अनिवासीचे परदेशी कमाईसाठीचे खाते) व्याज तिथे करमुक्त नाही.

23 जुलै 2024 पूर्वी घेतलेले घर विकायचेच असेल तर निवासी असतानाच विकण्याचा विचार करावा. खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून नफ्यावर 20 टक्के कर की न लावता साडेबारा टक्के, हा पर्याय अनिवासीला मिळत नाही. पीपीएफ खाते पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते. पुढे मुदतवाढ नाही.

इथला मेडिक्लेम बंद करू नये, ही शेवटची विनंती. तो तिकडच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही, म्हणून लोक सोडतात. साठीनंतर परतल्यावर नव्याने घेतला की आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर मागावे. पॉलिसी चालू ठेवणाऱ्यांचीही एका ठिकाणी फसगत होते. बचत खाते एनआरओ करताना खाते क्रमांक बदलला की हप्त्याचा जुना बँक आदेश रद्द होतो, हप्ता परत जातो, आणि वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस असतात फक्त 30. नवा आदेश खाते बदलल्याच्याच दिवशी द्यावा आणि विमा कंपनीकडे भारतातला मोबाइल क्रमांक नव्हे, चालू असलेला ईमेल नोंदवावा.

– दोन करसल्लागार, पुणे