चव, रंग आणि वास तपासणाऱ्या समितीकडून

ताई,

गेल्या आठवड्यात आमच्या फार्मसीच्या शाळेच्या नव्या अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, स्वागताचा कार्यक्रम झाला. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. कुलगुरू, कुलसचिव, प्रभारी अधिष्ठाता, माजी विद्यार्थी, अगदी माईक लावणाऱ्या मुलापर्यंत सगळे आले त्यात. तुमचं नाव राहिलं. 'निवड समितीचे सर्व सदस्य' यात तुम्ही आलातच, अशी मनाची समजूत घालून मी खाली बसलो. तुम्ही सभागृहात नव्हतातही, तुमची ड्यूटी होती. पण चूक चारचौघांत झाली, तेव्हा घरी फोन करून 'राहिलं हो' म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे उघडं पत्र.

आधी एक कबुली. तुम्ही समितीत येणार हे कळलं तेव्हा मला फारसा आनंद झाला नव्हता. नियमात 'प्रत्यक्ष व्यवसायातील एक प्रतिनिधी' असं होतं आणि ती रिकामी ओळ भरायची म्हणून रुग्णालयाच्या औषध विभागाला पत्र गेलं. "दवाखान्यातल्या फार्मासिस्टला डीनच्या निवडीतलं काय कळणार?" असं आमच्यातला एक जण म्हणाला. मी त्याला गप्प केलं नाही. रात्रपाळी संपवून तुम्ही थेट पहिल्या बैठकीला आलात आणि तासभर एक शब्द बोलला नाहीत. आम्ही तुम्हाला 'मॅडम' म्हणत होतो. तुमच्या विभागात शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे 'ताई' म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या बैठकीत जाहिरातीचा मसुदा फिरत होता. मसुदा माझाच. संशोधन, निधी उभारणी, उद्योगांशी संबंध, अभ्यासक्रमाची पुनर्रचना, आंतरराष्ट्रीय ख्याती, पंचवीस वर्षांचा अनुभव, सगळं धरून चौदा मुद्दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७च्या अहवालात फार्मासिस्टच्या सात भूमिका सांगितल्या आहेत: काळजी घेणारा, निर्णय घेणारा, संवाद साधणारा, व्यवस्थापक, आयुष्यभर शिकणारा, शिक्षक आणि नेता. त्यांना सातात सगळा व्यवसाय बसवता आला, आम्हाला एका माणसासाठी चौदा लागले. तुमच्याकडे कागद आला, तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात आणि म्हणालात, "ही चिठ्ठी माझ्या खिडकीवर आली असती, तर औषध देण्याआधी मी डॉक्टरांना फोन केला असता. एका पेशंटला एवढी? यातलं कुठलं कशासाठी?"

मग तुम्ही एकेक मुद्दा घेऊन विचारत गेलात, याच्यामागची तक्रार काय? 'पंचवीस वर्षांचा अनुभव' कशावरचं औषध, ते कुणालाच सांगता येईना. शोधलं तेव्हा तो मुद्दा मागच्या जाहिरातीतून आला होता आणि तिच्यात त्याच्या आधीच्या जाहिरातीतून. जुनी चिठ्ठी बघून तीच औषधं पुढे चालू, दुसरं काय! चौदातले नऊ त्या दुपारी गेले. आणि जो मुद्दा आम्ही लिहिलाच नव्हता तो तुम्ही घातलात. रुग्णालयं आमच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घ्यायला नाखूश होती. आम्हाला पत्ताच नव्हता. आम्ही वेळापत्रक ईमेलने पाठवत होतो, परस्पर बदलत होतो आणि तिकडे तुमच्यासारखी माणसं आपलं काम सांभाळून, वर एक पैसा न घेता, आमच्या मुलांना शिकवत होती. तीन ठिकाणांहून पुढच्या वर्षी 'जमणार नाही' असं पत्र येणार होतं. फार्मसीच्या शाळेला ही दारं बंद झाली तर बाकी प्रयोगशाळा कितीही चकचकीत असोत, मुलं पेशंट बघणार कुठे? मान्यतेची तपासणी आणि रिकाम्या पदांच्या बरोबरीने ही अडचण जाहिरातीत आली, ती तुमच्यामुळे.

अर्ज एकतीस आले. ते कसे वाचायचे यावरून आपलं वाजलं, आठवतं? आमची पद्धत अशी की सगळ्यांनी एकत्र बसायचं, ज्येष्ठांनी आधी बोलायचं आणि मग इतरांनी माना डोलवायच्या. तुम्ही सांगितलंत की केमोथेरपीचा डोस दोघं जण तपासतात, पण एकमेकांचं उत्तर न बघता. पहिल्याने "पन्नास आलं, बघ जरा" असं म्हटलं की दुसऱ्याला पन्नासच दिसतं, मग ती तपासणी राहत नाही. म्हणून प्रत्येकाने गुण आपापले लावून बंद पाकिटात कार्यालयाकडे द्यायचे आणि नंतरच चर्चा, असं ठरलं. मला तो अपमान वाटला होता. पाकिटं उघडल्यावर मात्र दिसलं की मी ज्याला पहिला क्रमांक दिला होता, त्याला इतर कुणीही पहिल्या पाचांत घेतलं नव्हतं. तो माझ्याच विषयातला होता, माझ्याच ओळखीच्या प्रयोगशाळेतून आलेला. एकत्र बसून वाचलं असतं तर मी आधी बोललो असतो आणि तो यादीत गेला असता.

दुसरी गोष्ट नावांच्या घोटाळ्याची. हायड्रॅलाझिन रक्तदाबावरचं, हायड्रॉक्सिझिन ॲलर्जीवरचं. घाईत एकाच्या जागी दुसरं उचललं जातं, म्हणून औषध विभागात अशा जोड्यांची यादी लावलेली असते. दोन अर्जांत 'सहअधिष्ठाता' हे एकच पद होतं. आम्ही दोघांना सारखे गुण दिले. तुम्ही विचारलंत, "नाव सारखं आहे, आत औषध एकच आहे का?" चौकशी केली. एक जण तिथे सगळा अर्थसंकल्प आणि नेमणुका पाहत होता. दुसऱ्याच्या वाट्याला परीक्षांचं वेळापत्रक होतं, बाकी काही नाही. त्यात त्या दुसऱ्याचा काही दोष नाही, त्याने खोटं लिहिलं नव्हतं. वाचताना आम्हीच घाईत होतो.

आता मुख्य गोष्ट. मी फार्माकोलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर होणारा परिणाम, शिकवतो. दर वर्षी दुसऱ्या की तिसऱ्या व्याख्यानात १९३७ची ती गोष्ट सांगतो. अमेरिकेत एका कंपनीने सल्फॅनिलॅमाइड या जंतुसंसर्गावरच्या गोळीचं पातळ औषध काढलं. औषध विरघळेना, म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. बाजारात आणण्याआधी त्याची चव तपासली, दिसतं कसं ते पाहिलं, वास पाहिला. विषारी आहे का, हे तपासलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं तिथे कायद्याने बंधनकारक झालं. वर्गात या गोष्टीवर हमखास शांतता पसरते, आणि खरं सांगू, शिक्षकाला ती शांतता आवडते.

मुलाखतींच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रमपत्रिका बघताना तुम्ही मला विचारलंत, "सर, सादरीकरण, भोजन, कुलगुरूंशी गप्पा, परिसर फेरी. यात आपण चव, रंग आणि वास सोडून काय तपासतोय?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. ते गृहस्थ बोलायचे सुरेख, पडद्यावरची चित्रं देखणी होती, कुलगुरूंना एका भोजनातच पटले. अठरा महिन्यांत दोन विभागप्रमुख सोडून गेले, पाठोपाठ तेही गेले, आणि शाळा वर्षभर प्रभारींच्या खांद्यावर आली. मी त्या वेळीही समितीत होतो. १९३७ची गोष्ट त्या वर्षीही मी वर्गात सांगितलीच होती.

कार्यक्रम त्या रात्री बदलला. सादरीकरण अर्ध्यावर आणलं आणि प्रत्येक उमेदवाराला दोन तास तुमच्या विभागात पाठवायचं ठरलं. मी प्रत्येकाबरोबर आलो होतो. एक जण काचेबाहेर उभा राहून फोन बघत होता. एकाने तुमच्या तंत्रज्ञाला औषधांच्या साठ्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. तो बिचारा हातातली ट्रॉली धरून ऐकत राहिला. तिसऱ्या उमेदवार एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "रात्री इथे किती जण असतात?" आणि मग, "आमची मुलं आली की तुमचं काम कमी होतं की वाढतं?" तुम्ही सरळ सांगितलंत की पहिले पंधरा दिवस वाढतंच. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

मुलाखतीत तुमचा प्रश्न एकच होता, चौघांनाही तोच: "गेल्या वर्षभरात तुमच्या हाताखालच्या कुणी तुमची कोणती चूक दाखवून दिली?" एकाने हसून 'मी फार काटेकोर आहे, हीच माझी चूक' असं सांगितलं. (समितीतल्या तिघांनी खाली बघितलं. मीही.) त्या बाई थोडं थांबल्या. मग म्हणाल्या की प्रशिक्षणाच्या गटांची विभागणी त्यांनी रुग्णालयांना न विचारता बदलली होती. एका कनिष्ठ समन्वयक मुलीने येऊन सांगितलं की यामुळे एका वॉर्डात एकाच वेळी नऊ मुलं पोचणार आहेत. बदल मागे घेतला, आणि तेव्हापासून ती यादी त्या मुलीच्या सहीशिवाय बाहेर जात नाही.

तरीही लगेच निर्णय घ्यायला तुम्ही तयार नव्हता. शिफारसपत्रं सगळी गोड होती. मी म्हणालो, कुणाचीच काही तक्रार नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "तक्रार आली नाही म्हणजे दुष्परिणाम नाही असं तुम्हीच मुलांना शिकवता का?" शिकवत नाही! थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत विकायला आलं आणि गरोदरपणी ते घेतलेल्या बायकांची बाळं व्यंग घेऊन जन्मतात हे कळल्यावर १९६१च्या शेवटी मागे घेतलं गेलं, मधल्या काळात ते अगदी निर्धोक म्हणून खपत होतं. अमेरिकेत ते अडलं ते फ्रान्सिस केल्सी यांच्यापाशी. औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेत, एफडीएत, त्या नव्याच होत्या. कंपनीने दिलेली माहिती त्यांना अपुरी वाटली, त्यात मज्जातंतूंवरच्या परिणामाबद्दलचं एक पत्र ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेलं त्यांनी वाचलं आणि त्या आणखी माहिती मागत राहिल्या. १९३७ सालच्या त्या विषारी औषधावर शिकागो विद्यापीठात काम झालं, तेव्हा तिथे विद्यार्थिनी म्हणून हातभार लावणाऱ्याही केल्सीच. हा धागा मी वर्गात नेहमी जोडून दाखवतो, पण माझ्या स्वतःच्या कामाशी तो कधी जोडला नव्हता.

म्हणून शेवटच्या दोघांची परवानगी घेऊन त्यांनी शिफारशीसाठी दिलेल्या नावांबाहेरच्या लोकांना फोन झाले. परवानगीबाबत तुम्ही फार कडक होता. कुणी अर्ज केलाय हे त्याच्या सध्याच्या संस्थेला आपल्याकडून कळता कामा नये, हे तुम्ही आम्हाला दोनदा बजावलंत. एका उमेदवाराबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांनी बोलण्याआधी सारखाच लांब श्वास घेतला. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

आणि मग जे झालं त्यासाठी तुमचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. सुरुवातीपासून तुमचा आग्रह होता की अधिष्ठाता पेशंटच्या बाजूने काम केलेला हवा. हेपलर आणि स्ट्रँड यांनी १९९०मध्ये 'फार्मास्युटिकल केअर', म्हणजे औषधाचा पेशंटला गुण येतो का याची जबाबदारी फार्मासिस्टने घ्यायची ही कल्पना, मांडल्यापासून हा वाद प्रत्येक फार्मसी शाळेत आहे. गोळी बनवणारे एका बाजूला, ती घेणाऱ्याकडे बघणारे दुसऱ्या बाजूला, आणि पद कुठलंही रिकामं झालं की दोन्ही बाजू आपापला माणूस शोधतात. त्या बाई तुमच्या बाजूच्या नव्हत्या. औषधी रसायनशास्त्रातल्या. वीस वर्षांत खिडकीवर उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि तसं त्यांनी न विचारता सांगितलं होतं. तुम्ही मत त्यांनाच दिलंत. मी बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणालात, "त्यांना काय येत नाही ते त्यांना माहीत आहे. मला फोन करतील." इतकी वर्षं समित्यांवर काढली, पण आपल्या गटाबाहेरच्या माणसाला असं सहज मत देणारं मी फार कमी पाहिलंय. मला स्वतःला ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

नव्या अधिष्ठात्यांनी पहिल्याच दिवशी प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाचा कागद मागवला. पुढच्या महिन्यातली अभ्यासक्रमाची बैठक त्यांना आमच्या सभागृहात नको आहे, तुमच्या विभागात हवी आहे. दुपारी पाळी बदलते तेव्हा नको, आणि सकाळी वॉर्डांची औषधं जातात तेव्हाही नको, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय. अकराला जमेल का, की तेव्हाही गर्दी असते? कळवा. खुर्च्या आम्ही घेऊन येतो.

तुमचा,
समितीचा अध्यक्ष