रंग नंतर, आधी नावेचं बूड बघा

संपादक महोदय,

पाऊस तोंडावर आला की चिक्कोडी, कागवाड, अथणी, रायबाग तालुक्यांत कृष्णाकाठच्या नावा घाईघाईने रंगवल्या जातात. जूनमध्ये चकाकणारं बूड ऑगस्टमध्ये पापुद्रे टाकतं आणि खापर रंगाच्या डब्यावर फुटतं. पंचायतीच्या अंदाजपत्रकात पैसे फक्त रंगाच्या लिटरचे असतात. खरवडण्याची मजुरी कुणी धरतच नाही.

फायबरच्या नव्या नावेवर साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं मेण राहिलेलं असतं. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला की ते ओरखड्यांत दाबून बसतं. आधी थिनरच्या फडक्याने पुसावं, फडकं सारखं बदलत. मग तांब्याभर पाणी ओतून बघावं: सलग पडदा राहिला तर मेण गेलं, थेंब जमले तर पुन्हा पुसणं आलं. त्यानंतर ८० नंबरचा पेपर. जुन्या फायबरला फोड आले असतील तर ते उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, नीट वाळू द्यावेत आणि इपॉक्सी पुट्टीने भरावेत. ओल तपासायला हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावं. आतून दव धरलं तर थांबायचं, मग पंचायतीची तारीख काही का असेना.

लाकडी नावेचं उलटं. मेच्या उन्हात ती उघडी पडली की फळ्या आकसतात, सांधे तोंड उघडतात. त्यात कडक पुट्टी ठासली तर पाण्यात फळ्या फुगतात आणि पुट्टी बाहेर फेकतात. म्हणून नाव सावलीत ठेवावी, सांध्यांत सुताची वात ठोकून वर मऊ पुट्टीच भरावी.

लोखंडी बुडावर तारेचा ब्रश नुसता फिरवला तर गंज चकाकतो, खड्ड्यातला तसाच राहतो. तो टोचून काढावा लागतो. साफ केलेल्या पत्र्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, त्याच दिवशी, दव पडायच्या आत. वेल्डिंगच्या शिवणी आणि कडा आधी हाताच्या ब्रशने. खिडकीच्या ग्रिलला चालणारा साधा रेड ऑक्साइड इथे टिकत नाही, दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर लागतो. तांबं असलेला शेवाळरोधक रंग उघड्या पत्र्यावर नकोच, तांब्याच्या संगतीत लोखंड लवकर गंजतं. तसाही तो कारवारच्या खाऱ्या पाण्यातल्या होड्यांचा खर्च. कृष्णेतलं शेवाळ काथ्याच्या ब्रशने निघतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नये. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, खाली ताडपत्री अंथरून घासावा. तो चिखल नदीत लोटू नये, पलीकडे माणसं पाणी भरतात.

यंदाच्या अंदाजपत्रकात खरवडणं, वाळवणं आणि प्रायमर ही कलमं वेगळी घालावीत, आणि पहिला हात मारण्याआधी अभियंत्याने उघडं बूड डोळ्यांनी पाहून सही करावी. रंगवल्यावर तपासायला काही उरत नाही.

— कृष्णाकाठचे नाव-दुरुस्ती कारागीर, चिक्कोडी तालुका