गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

कॉव्हेंट्री, इंग्लंड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गुरुवारी फोनवर आपण सांगितलेत की गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसतो, आणि मेस्त्रींनी क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गेल्याचे सांगून गिअरबॉक्स उतरवण्याचे ठरवले आहे. फोनवर निम्मे बोलायचे राहून जाते आणि आपल्याला कागद समोर ठेवून काम करण्याची सवय आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझी विनंती एवढीच की, या पत्रात लिहिल्याप्रमाणे एकदा पाहून होईपर्यंत गिअरबॉक्सला कोणालाही हात लावू देऊ नका. मेस्त्रींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहिले, तर कोणालाही तसेच वाटेल.

हाच प्रसंग गेल्या फेब्रुवारीत माझ्यावर आला होता. तेव्हा आपल्याला उगाच काळजी नको म्हणून मी बोललो नव्हतो. येथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि मे २०१८ पासूनच्या नियमांप्रमाणे तेलाची गळती पर्यावरणाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होण्याइतकी असेल, तर गाडी नापास होते. तपासणी तीन आठवड्यांवर आली असताना माझ्या गाडीखाली डाग दिसू लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात, त्या जोडाच्या तळाशी थेंब लोंबत होता. येथल्या एका गॅरेजवाल्याने टॉर्च मारून दोन मिनिटांत निदान केले की मागचे सील गेले आहे, आणि खर्च ७०० पौंड सांगितला. सील म्हणजे रबराची एक कडी, तिची किंमत फारशी नसते. पैसे लागतात ते गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याच्या मजुरीचे. (आपल्या गाडीप्रमाणेच माझ्याही गाडीचे इंजिन आडवे बसवलेले आहे. त्यामुळे मागचे सील असे नाव असले तरी ते गाडीच्या मागच्या अंगाला नसून गिअरबॉक्सच्या बाजूला असते, हे दादालाही सांगा, म्हणजे पाहताना त्याचा घोटाळा होणार नाही.)

मी होकार देणारच होतो, पण आपली उद्यमनगरातली सवय आठवली. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन यायचो, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या एखाद्या ऑइल इंजिनाभोवती तीन माणसे तीन मते सांगत उभी असायची, आणि आपण कोणाशी वाद न घालता हातात सुताच्या वेस्टचा बोळा घेऊन आधी ते इंजिन लख्ख पुसून काढायचात, मग ते चालू करून स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचात. पाच-दहा मिनिटांत कोरड्या बिडावर कोठेतरी एक ओली रेघ उमटायची, आणि आपण तिच्यावर बोट ठेवायचात. मी गाडीचे काम याच पद्धतीने केले.

तेल सुटते एका जागी आणि थेंब पडतो दुसऱ्या जागी. वरून निघालेले तेल ब्लॉकच्या कडाकपारींतून उतरते, बिडाच्या उंचवट्याचा आधार घेत आडवे सरकते, गाडी पळत असताना वाऱ्याने मागे रेटले जाते, आणि शेवटी सर्वांत खालच्या कोपऱ्यात जमून टपकते. म्हणून ओल्या भागाचे खालचे टोक पाहून काही कळत नाही, त्याचे सर्वांत वरचे टोक शोधावे लागते. जुन्या तेलावर धूळ आणि चिखल बसून जे काळे कीटण तयार होते, ते असेपर्यंत तर वरचे टोक आणि खालचे टोक सारखेच दिसते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर इंजिनाच्या खालच्या अंगाला हे कीटण चांगले बोटभर असणार.

मी इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, चिंधीने कोरडे केले, आणि सगळे वाळल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. आईचा पावडरचा डबा यासाठी चालेल. नंतर पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणली, गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला, आणि दात तपासण्याच्या आरशासारखा एक लहान आरसा दांडीला बांधून इंजिनाच्या मागच्या अंगाला धरला. आरशात जे दिसले ते अजून डोळ्यांसमोर आहे. जोडाच्या तळाची पावडर पांढरीशुभ्र होती, पण टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापासून मधाच्या रंगाची एक बारीक धार निघून, हेडवरून ब्लॉकवर उतरून, तेथल्या एका उंचवट्यावरून गिअरबॉक्सच्या दिशेने वळली होती आणि वाटेतली पावडर तिने ओली पिठूळ करून टाकली होती. आणखी दोन दिवस गाडी चालवली असती, तर हीच धार जोडापर्यंत पोचून पुन्हा मागच्या सीलसारखी दिसली असती.

कव्हर उघडल्यावर आतले रबरी पॅकिंग हाताला लागले, ते रबर राहिलेच नव्हते. बोटांनी वाकवताच प्लॅस्टिकसारखे कटकन मोडले. अकरा वर्षे गरम तेलात राहून ते कडक आणि चपटे झाले होते.

पॅकिंग बदलून मी थांबलो असतो, तर काही महिन्यांत तेल पुन्हा आले असते. प्रत्येक इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू खाली चेंबरच्या, म्हणजे तळाशी तेल साठते त्या भांड्याच्या, पोकळीत उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट म्हणून पीसीव्ही नावाचा एक लहान व्हॉल्व्ह असतो, जो तो वायू पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, नेऊन जाळतो. हा व्हॉल्व्ह गाळाने चोंदला की इंजिनाच्या पोटात दाब साचतो आणि जेथे पॅकिंग किंवा सील कमजोर असेल, तेथून तेल बाहेर ढकलले जाते. माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून पाहिला. चांगला असेल तर आतली गोटी टकटक वाजते, माझा मुका होता. नवा व्हॉल्व्ह आणि नवे पॅकिंग मिळून मला ४० पौंडही लागले नाहीत. मार्चमध्ये गाडी तपासणीत पास झाली आणि खालचा पुठ्ठा आजही कोरडा आहे.

आपण म्हणालात की पन्हाळ्याला जाऊन आल्यावर डाग मोठा दिसतो. हे ऐकल्यापासून माझा संशय अधिकच वरच्या अंगाला, म्हणजे टॅपेट कव्हर आणि या व्हॉल्व्हकडे जातो. चढावर इंजिनावर जोर पडतो तेव्हा रिंगांवरून उतरणारा वायू वाढतो, दाब वाढतो, आणि गाडीचे तोंड वर असल्यामुळे हेडमधले तेल कव्हरच्या मागच्या कडेला जमते. अर्थात हा इतक्या लांबून बांधलेला अंदाज आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो खरा धरू नका.

दाबाची परीक्षा घरी दारातच करता येईल. इंजिन गरम करून साध्या गतीवर चालू ठेवावे, तेल ओतण्याचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताने घट्ट धरावी. पिशवी आत ओढली गेली किंवा जेमतेम हलली तर ठीक. फुग्यासारखी फुगली तर आत दाब साचतो आहे असे समजावे. मात्र हे दादाने करावे, बाह्या वर करून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. तोंडातून तेलाचे शिंतोडे उडतात, म्हणून पिशवी झटकन लावावी.

जोडाच्या तळाशी लोंबणारा थेंब बोटावर घेऊन त्याचा वास अवश्य घ्या. तेथेच गिअरबॉक्सच्या शाफ्टचेही एक सील असते आणि त्यातून येणारे गिअर ऑइल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तर इंजिन ऑइल काळपट तपकिरी असते आणि त्याला जळका वास असतो. हा फरक केला नाही तर दुरुस्ती भलत्याच सीलची होते. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते कूलंट, आणि एसी लावून आल्यावर पडलेले स्वच्छ पाणी तर काळजीचे नाहीच.

वरून खाली येताना आणखी दोन-तीन जागा सोडू नका. ऑइल प्रेशरचा स्विच असतो, त्याची वायर ओढून पाहिली आणि प्लगच्या आतच तेल दिसले, तर स्विच फुटला असे निश्चित म्हणता येते. काम दहा मिनिटांचे आहे, पण गळती मात्र अगदी मोठी वाटते. ऑइल बदलताना जुन्या फिल्टरची रबरी कडी कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन कड्यांमधून तेल सुटते. आपण दसऱ्याला ऑइल बदलून घेतले होते. डाग त्यानंतरच सुरू झाला का, हे आठवून पाहा. ड्रेन बोल्टचा वायसर तेव्हा नवा घातला होता की जुनाच, हेही विचारा. पट्ट्याच्या बाजूला तेलाचे शिंतोडे एका सरळ रेषेत उडालेले दिसले, तर क्रँकचे पुढचे सील पाहावे लागेल.

एवढे सगळे पाहून वरचे सर्व कोरडे निघाले आणि जोडाच्या आतूनच तेल येत आहे असे दिसले, किंवा चढावर क्लच घसरून इंजिन नुसते ओरडू लागले, तर मेस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे असे मानून गिअरबॉक्स उतरवावा. तेव्हा खर्चाचा विचार करू नका, मी पाठवतो. पण गिअरबॉक्स उतरलाच, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय नवे सील बसवू देऊ नका.

दुकानात गळती थांबवणारे औषध म्हणून बाटली मिळते, ती इंजिनात ओतू नका. ते रबर फुगवून काही दिवस गळती झाकते, आणि ज्या सीलला काही झालेले नाही तेही त्यामुळे मऊ पडते. टॅपेट कव्हर बसवताना सगळ्या कडेवर सिलिकॉन थापायची अनेकांना सवय असते, त्यालाही आपण ठामपणे नको म्हणावे. आत दाबले गेलेले त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि तेलाची वाटच बंद होते. नवे रबरी पॅकिंग असेल तर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ कोरडे करून ते नुसतेच बसते, फक्त टायमिंग कव्हर हेडला जेथे मिळते त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा थेंब पुरतो. बोल्ट मधून सुरुवात करून कडेकडे, थोडे थोडे आवळायचे. ते साधारण ८ ते १० न्यूटन मीटरचे, म्हणजे हलक्या हाताचे काम आहे. आपण पॅकिंगचा कागद बिडाच्या कडेवर धरून गोल तोंडाच्या हातोडीने टिचत टिचत कापायचात, तो हात ज्याचा आहे त्याला हे मी सांगणे शोभत नाही. तरी आजची कव्हरे प्लॅस्टिकची असतात आणि जास्त आवळली की वाकतात, म्हणून लिहिले.

काम होईपर्यंत रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना आणि इंजिन चालू करण्याआधी, डिपस्टिक पाहत जा. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे १ लिटरचे अंतर असते. तेल खालच्या खुणेजवळ आले की भरून घ्या. मीटरवरचा तेलाच्या किटलीचा तांबडा दिवा लागला, तर पुढचा पेट्रोल पंप गाठण्याचा विचारही न करता तेथेच इंजिन बंद करा, कारण तो दिवा तेल कमी झाल्याचा नसून तेलाचा दाब गेल्याचा असतो. बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास किंवा धूर आला, तर तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत आहे आणि त्याने आग लागू शकते, म्हणून तोपर्यंत आईला घेऊन जोतिबाचा डोंगर चढू नका. दर्शन आठ दिवसांनी झाले तरी चालेल.

आणि आबा, आपण स्वतः गाडीखाली झोपू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर दादालाही जाऊ देऊ नका. मोबाइल गाडीखाली सरकवून व्हिडिओ घेता येतो, हे काम नातवाकडे द्या. धुऊन पावडर मारल्यावर कागलपर्यंत हायवेने एक फेरी करून या, आणि आल्यावर लगेच वरून खाली, टॅपेट कव्हरपासून जोडापर्यंत, सावकाश फिरवलेला व्हिडिओ मला पाठवा. टॉर्च तिरपा धरायला सांगा, ओले तेल तिरप्या उजेडातच चकाकते. येथे हल्ली सव्वाचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे मी रविवारी दुपारनंतर घरातच असतो. आपली संध्याकाळ आणि माझी दुपार जुळेल. तेव्हा दोघे मिळून पाहू.

मेस्त्रींना हे पत्र दाखवले तरी चालेल. आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा