बोन्सायच्या कुंड्या रस्त्याने नाही, पॅकिंगने फुटल्या : भरपाईसाठी तक्रार पत्र

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
घरसामान स्थलांतर विभाग, पुणे शाखा

विषय : बेंगळुरू ते पुणे स्थलांतरात बोन्सायच्या कुंड्यांचे झालेले नुकसान, त्याची भरपाई, आणि कॅरिज बाय रोड ऍक्ट, 2007 च्या कलम 16 खाली नोटीस

महोदय,

मे महिन्यात आपल्या कंपनीमार्फत आम्ही बेंगळुरूहून कोथरूडला बिऱ्हाड हलवले. फर्निचर, पुस्तके, कपाटे नीट पोहोचली, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती बोन्सायबद्दल. लावलेल्या नऊ झाडांपैकी तीन झाडांच्या कुंड्या फुटून आल्या, चौथीला तडा गेला, आणि रिकाम्या कुंड्यांच्या खोक्यातल्या सहा कुंड्यांचे तुकडे झाले. मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले की हायवेची कामे चालू आहेत, खड्डे आहेत, साडेआठशे किलोमीटरच्या प्रवासात थोडेफार व्हायचेच. हे मला मान्य नाही. कुंड्या रस्त्याने फुटलेल्या नाहीत, पॅकिंगने फुटल्या आहेत, आणि तुकडे हातात घेतले की ते कोणालाही दिसेल. म्हणूनच फोनवर वाद न घालता सविस्तर लिहीत आहे.

आधी ठरले काय होते ते. सर्व्हेला आलेल्या आपल्या प्रतिनिधीला मी गच्चीवर नेऊन एकेक झाड दाखवले. त्यांनी मापे घेतली, फोटो काढले आणि कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ घातली : ‘बोन्साय, स्पेशल पॅकिंग, लाकडी क्रेट 4 नग, रु. 8,500’. त्यानंतर मी पानभर सूचना ईमेलने पाठवल्या आणि त्यावर ‘नोटेड, टीमला दिले आहे’ असे उत्तरही आले. त्या सूचनांत अवघड काही नव्हते. आदल्या दिवशी पाणी घालून माती ओलसर ठेवायची, पण निथळती नाही. मातीवर ओला वर्तमानपत्राचा कागद दाबून सुतळी कुंडीच्या खालून वर आडवी-उभी बांधायची, म्हणजे हिसक्याने मुळांचा गोळा उचलला जात नाही. प्रत्येक कुंडीच्या काठाला पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळायची, कारण टवका उडतो तो काठाचा आणि कोपऱ्याचा. खाली जाड फोम, चारी बाजूंनी कागदाचे बोळे, आणि क्रेट हलवून पाहिला तर आत काही सरकता कामा नये. पानांना प्लॅस्टिक लावायचे नाही, क्रेटच्या फळ्यांत फटी ठेवायच्या. रिकाम्या कुंड्या एकात एक घालायच्या नाहीत, आणि उथळ ट्रे आडवे न रचता ताटांसारखे कडेवर उभे ठेवायचे. ट्रकमध्ये हे सामान शेवटी चढवायचे, आधी उतरवायचे आणि मधे गाडी बदलायची नाही.

पॅकिंगच्या दिवशी क्रेट आलेच नाहीत. सुपरवायझर म्हणाले, गोडाऊनला क्रेट तयार आहेत, इथून फक्त खोक्यांत न्यायचे आहे. मी तिथेच उभी राहून आपल्या बेंगळुरू शाखेला फोन लावला, आणि ‘गोडाऊनला क्रेटिंग करून पुढे पाठवतो’ असा मेसेज शाखेच्या नंबरवरून मला आला. तो मेसेज जोडला आहे. पुण्यात दारात उतरले ते तेच पुठ्ठ्याचे खोके होते, दोन तर जुन्या टीव्हीचे. बिलात मात्र चारही क्रेटचे पैसे लावलेले आहेत. मी एकही क्रेट पाहिलेला नाही.

गाडीही तीच नव्हती. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, कर्नाटक पासिंगच्या ट्रकचा नंबर आहे आणि सोसायटीत आला तो एमएच 12 चा टेम्पो. टेम्पोवाल्याने सांगितले की माल वाघोलीच्या गोडाऊनला उतरला होता आणि शनिवार-रविवार तिथेच पडून होता. म्हणजे थेट गाडीचे पैसे घेऊन माल पार्ट लोडने, इतरांच्या मालाबरोबर, आणला गेला आणि प्रत्येक खोका एकदा जास्त उचलला, एकदा जास्त टाकला गेला. ‘टाकला’ हा शब्द मी विचार करून वापरते आहे. वडाच्या खोक्यावर बाणाचे चिन्ह वर दाखवत होते, पण खोका उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचा थर चिकटून वाळलेला होता. माती झाकणाला चिकटते ती खोका उलटा राहिला तरच. खड्ड्यात गाडी आदळली म्हणून खोका उलटा होऊन पुन्हा सुलटा होत नाही.

आता रिकाम्या कुंड्यांचे पाहा. बोन्सायच्या कुंडीला खाली सहसा चार बुटके पाय असतात, पाण्याचा निचरा व्हावा आणि खालून हवा खेळावी म्हणून. आपल्या माणसांनी मोठ्या ट्रेमध्ये लहान ट्रे, त्यात आणखी लहान अशी उतरंड लावली आणि मधे बबल रॅपचा एकच पातळ पापुद्रा ठेवला. त्यावर जड सामान चढवले गेले असणार, कारण वरच्या कुंडीचे सगळे वजन त्या चार पायांवर आले आणि पायांखाली होता खालच्या कुंडीचा तळ, जो निचऱ्याच्या भोकांमुळे आधीच कमकुवत असतो. तुकडे जुळवून मी फोटो काढले आहेत. तीन ट्रेच्या तळावर वरच्या पायांचे घासल्याचे पांढरे डाग स्पष्ट आहेत आणि तडे तिथूनच सुरू होऊन भोकापर्यंत गेले आहेत. आंब्याच्या मोसमात हापूसची पेटी उघडून पाहिली असती तरी कळले असते : एका आंब्याचे वजन दुसऱ्यावर येऊ नये म्हणून तिथे थराथरात पेंढा घालतात. दोनशे-तीनशे रुपयांचा पेंढा किंवा रद्दी इथे पुरली असती.

रस्त्याला दोष देण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच ट्रकमधून, त्याच टेम्पोतून, माझ्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आल्या. त्या मी स्वतः जुन्या सुती साड्यांच्या चिंध्यांत एकेक गुंडाळून, मधल्या जागा बोळ्यांनी ठासून भरून बांधल्या होत्या. त्यांपैकी एकीचाही टवका उडालेला नाही. खड्डे बरण्यांनाही तेवढेच लागले.

तडा गेलेल्या चौथ्या कुंडीबद्दल आपल्या माणसाने ‘ही तर अख्खी आहे’ असे सांगून फॉर्मवर नोंद करायला नकार दिला. उच्च तापमानात भाजलेली कुंडी अखंड असेल तर टिचकी मारल्यावर खणखणते. ही बद्द वाजते. पाणी घातले की बाहेरच्या बाजूला केसाएवढी ओली रेघ उमटते. त्यात फायकस आहे, त्याची मुळे जाडावत जातील तशी ही रेघ उघडत जाईल. ही कुंडी फुटलेलीच धरली पाहिजे. डिलिव्हरी मेमोवर मी ‘खोके न उघडता सही, आतील नुकसानीची तक्रार करण्याचा हक्क राखून’ असे लिहूनच सही केली आहे, त्यामुळे ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीचा आधार आपल्याला घेता येणार नाही.

आपल्या कार्यालयाने असेही म्हटले की कुंडी फुटली तर दुसरी घ्यायची, झाड तर आले आहे. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागले. बोन्सायमध्ये कुंडी हे नुसते भांडे नसते. वर्षानुवर्षे मुळे छाटून ती त्या खोलीत, त्या आकारात बसवलेली असतात. कुंडी केव्हा बदलायची याला ऋतू असतो : वड, उंबर, फायकस यांना आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी हात लावतात. भर मे महिन्यात, प्रवासाने शिणलेल्या झाडांची मुळे उघडी पडली म्हणून मला ती मिळेल त्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये घाईने बसवावी लागली. बोगनवेलीची मुळे फार ठिसूळ असतात, तिला हे अजिबात सोसत नाही. तिचा मातीचा गोळा तीन ठिकाणी दुभंगला होता. आज तिच्यावर एकही पान नाही, आणि फांदी खरवडली तर खाली हिरवे फक्त बुंध्याजवळ दिसते.

पानांना प्लॅस्टिक नको असे लिहून दिलेले असताना झाडे शेंड्यापासून बुंध्यापर्यंत स्ट्रेच फिल्ममध्ये घट्ट गुंडाळली होती. पुण्यात मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, अंधारात, बंद प्लॅस्टिकखाली पानांची अक्षरशः वाफ झाली. कामिनीची पाने काळी पडून फिल्मला चिकटलेली होती, सोडवताना कोवळ्या फांद्या बरोबर आल्या. जेड पानांत पाणी साठवते म्हणून तेवढे तगले.

आणि वड. हे झाड माझ्या सासऱ्यांनी नारायण पेठेतला वाडा पाडायच्या आधी त्याच्या भिंतीतून काढले होते. ते पुण्याहून आमच्याबरोबर बेंगळुरूला गेले आणि आता परत आले. त्याची एक पारंबी मी मातीच्या दिशेने वळवत होते : शीतपेयाच्या नळीत ओले मॉस भरून त्यातून ती खाली आणायची, मातीत रुजली की नळी चिरून काढायची. ती रुजली होती आणि चांगली पेन्सिलीएवढी जाड झाली होती. खोका बांधताना प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी तिच्यावरूनच आवळली आणि ती कापली गेली. याची किंमत मी भरपाईत लावलेली नाही, कारण ती लावता येत नाही. पण काय गमावले ते कंपनीला माहीत असावे असे मला वाटते.

भरपाईचा हिशेब असा आहे. वडाची कुंडी जपानमधल्या टोकोनामे या जुन्या कुंभारगावची होती, बिनग्लेझची, आयताकृती. तळावरचा कारागिराचा ठसा बरोबर मधून दुभंगला आहे. तिचे 11,000 रुपये. बोगनवेलीची निळ्या ग्लेझची लंबगोल कुंडी 4,200, कामिनीची 1,800, तडा गेलेली 3,500. रिकाम्या सहा कुंड्या मिळून 9,300. कुंड्यांचे एकूण 29,800 रुपये. याशिवाय जे स्पेशल पॅकिंग झालेच नाही त्याचे 8,500 रुपये परत हवेत. म्हणजे 38,300 रुपये.

विम्याचा प्रश्न वेगळा आहे. चार लाखांच्या घोषित किमतीवर 3 टक्के, म्हणजे 12,000 रुपये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून आपण घेतले. बिलावर विमा कंपनीचे नाव नाही, पॉलिसी नंबर नाही, सर्टिफिकेट मला मिळालेले नाही. क्लेमबद्दल विचारले तर ‘जिवंत रोपे विम्यात बसत नाहीत’ असे उत्तर आले. मी कुंड्यांचा क्लेम करते आहे. भाजलेल्या मातीची कुंडी जिवंत नसते. पॉलिसी असेल तर तिची प्रत द्यावी. नसेल तर विम्याच्या नावाखाली पैसे कशाचे घेतले ते लेखी कळवावे आणि 12,000 रुपये परत करावेत. हे माझ्यापुरते नाही. घर हलवणारी सामान्य माणसे बिलावर ‘इन्शुरन्स’ वाचून निर्धास्त होतात, आणि त्यामागे विमा कंपनीच नसेल तर ती शुद्ध फसवणूक आहे.

बिल्टीच्या मागे बारीक अक्षरांत ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे माल मालकाच्या जोखमीवर, असे छापले आहे, त्याचाही उल्लेख आपल्या माणसाने केला. वाहतूकदाराच्या निष्काळजीपणाला हा शिक्का झाकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली नाथ ब्रदर्स एक्झिम खटल्यात स्पष्ट केले आहे. वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात चालेल असेही बिल्टीवर छापले आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मी पुण्यात राहते. विषयात लिहिलेल्या कलम 16 प्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत द्यायची नोटीस या पत्राने दिलेली आहे असे समजावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत 38,300 रुपये आणि विम्याबद्दलचा लेखी खुलासा मिळावा. फुटलेले सगळे तुकडे आणि ते खोके मी जपून ठेवले आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो, मात्र ज्याला पॅकिंगचे काम कळते असा माणूस पाठवावा. मुदतीत उत्तर आले नाही तर मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आणखी एक मागणी, जिला पैसे लागत नाहीत. कोटेशनमध्ये ‘बोन्साय स्पेशल पॅकिंग’ ही ओळ घालणे आपण थांबवावे, जोपर्यंत क्रेट, फोम आणि एक तरी प्रशिक्षित माणूस शाखेत नाही तोपर्यंत. ‘हे आम्ही करत नाही’ असे त्या दिवशी कोणी सांगितले असते तर मी कुंड्या बरण्यांबरोबर बांधल्या असत्या आणि झाडे वेगळ्या गाडीने, स्वतः सोबत बसून आणली असती.

सोबत कोटेशन, बिल, बिल्टी आणि डिलिव्हरी मेमोच्या प्रती, सूचनांचा ईमेल व त्यावरचे उत्तर, क्रेटिंगबद्दलचा मेसेज, कुंड्यांच्या खरेदीच्या पावत्या आणि फोटो जोडले आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
कोथरूड, पुणे