नव्या पोराचा पगार आणि तुझा

नाशिक, रविवार

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

प्रिंटरच्या ट्रेमध्ये कुणीतरी ऑफर लेटर विसरतं आणि ते नेमकं तुझ्याच हाती लागतं, हे तुझं नशीब. चार वर्षांचा अनुभव असलेला पोरगा, तुझ्याच ग्रेडला आणि महिन्याला तुझ्यापेक्षा नऊ हजार जास्त. वर त्याला पीपीएपीची, म्हणजे नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची, फाईल कशी लावायची, कुठला कस्टमर ऑडिटला आला की आधी कुठलं गेज मागतो, हे शिकवायचं कामही तुझ्याच गळ्यात. राग येणारच. पण त्या पोराशी तू बोलणं टाकलंस म्हणालास, ते काही मला पटलं नाही. त्याने मागितले, त्यांनी दिले. तू त्याच्या जागी असतास तर कमी मागितले असतेस का?

आता मी पगार खात्यात बसून जे रोज बघतो ते सांगतो. इन्क्रिमेंटचं बजेट वेगळं असतं आणि भरतीचं वेगळं. इन्क्रिमेंटचा आकडा वरून टक्क्यांत ठरून येतो. ह्या वर्षी सरासरी आठ टक्के म्हणजे आठ टक्के, मग तुझा बॉस कितीही भांडो. भरतीच्या वेळी मात्र कुणी टक्का विचारत नाही. जागा रिकामी राहिली तर लाईन अडते, आणि समोरचा उमेदवार आधीच्या पगारावर तीस टक्के मागतो. ते द्यावेच लागतात. दोन्ही कागदांवर सह्या करणारा माणूस कधीकधी एकच असतो, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं काम कुणाचंच नसतं.

तुला गणित आवडतं म्हणून मांडतो. समज, दोघं एकाच दिवशी वर्षाला 2 लाख 40 हजारांवर लागले. एक जण तिथेच राहिला आणि दरवर्षी आठ टक्के घेत गेला, तर बारा वाढींनंतर तो 6 लाख 4 हजारांवर असतो. दुसऱ्यालाही आठच टक्के मिळाले, फक्त त्यातल्या तीन वेळा त्याने नोकरी बदलली आणि त्या तीन वेळी तीस टक्के घेतले. तो साडेदहा लाखांवर. हुशारी तीच, काम तेच, फरक तीन राजीनाम्यांचा. आपल्याकडे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते ह्या बाबतीत एक्सेल शीटमध्ये दिसतं.

कायद्याचं म्हणशील तर तिथे फार हाती लागणार नाही. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये स्त्री-पुरुषांच्या संदर्भात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात ते तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना लावलं, नियमित श्रेणीचं किमान वेतन द्या म्हणाले. पण खासगी कंपनीतल्या जुन्या इंजिनिअरला नव्याइतकं द्या, असं सांगणारा कायदा नाही. सरकारात निदान सोय तरी आहे. बढतीत किंवा वेतन आयोगात ज्युनिअरचा पगार सिनिअरच्या वर गेला, तर ठरावीक अटींत सिनिअरचा पगार उचलून बरोबरीला आणतात, स्टेपिंग अप म्हणतात त्याला. प्रत्येक आयोगानंतर वेतनत्रुटी म्हणून अर्जांचे गठ्ठे पडतात, समित्या बसतात, वर्षं जातात, पण निदान ही त्रुटी आहे एवढं तरी मान्य होतं. आपल्याकडे एचआर तिला कॉन्फिडेन्शिअल म्हणतं आणि विषय संपतो.

आणि एक सांगू? नव्याचंच नेहमी भलं होतं असंही नाही. आमच्या मेव्हण्यांच्या शाळेत जा. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्या मास्तरांना जुनी पेन्शन, त्यानंतरच्यांना नाही. वर्ग शेजारी शेजारी, खडू एकाच पेटीतला. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप झाला तो ह्याचसाठी. त्यात नवीन लागणारा आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला मानधन सहा हजार होतं, ते 2023 पासून सोळा हजार झालं. आणि तुझ्याच शॉपफ्लोअरवर बघ. कायम कामगाराला युनियनचा त्रैवार्षिक करार, आणि त्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला उभा राहणारा कंत्राटी पोरगा किमान वेतनाच्या आसपास. त्याचा राग तुला कधी आला नाही. मला तरी आठवत नाही. टोमणा समज हवं तर.

बरं, आता करायचं काय ते. तू म्हणालास, बाहेरून एक ऑफर आणतो आणि साहेबांच्या टेबलावर आपटतो. खरंच जायची तयारी असेल तरच आण. काउंटर ऑफर, म्हणजे जाऊ नये म्हणून कंपनीने वाढवून दिलेला पगार, घेऊन राहिलेल्यांचे पगार मीच करतो. पहिल्या महिन्यात मान मिळतो, आणि पुढच्या अप्रेझलला 'ह्यांना गेल्या वर्षी दिलंय' म्हणून हात आखडतात. 'त्याला इतके, मला का नाही' हेही बोलू नकोस. पहिला प्रश्न येईल, तुला कळलं कसं, आणि मग अर्धा तास प्रिंटरवरच चर्चा.

विचारायचं ते असं: माझ्या ग्रेडचा पगाराचा पट्टा किती ते किती, आणि मी त्यात कुठे आहे? मधल्या आकड्याच्या खाली असशील तर वार्षिक वाढ सोडून वेगळं करेक्शन माग. तुमच्याकडे वाढ एप्रिलला, म्हणजे आकडे जानेवारी-फेब्रुवारीत बंद होतात. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, दिवाळी झाली की लगेच बोल. जाताना त्या पोराला येतं आणि तुला येत नाही असं काही आहे का, हे आधी स्वतःशी बघून घे. सीएमएमचं, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग त्याला येतं म्हणालास. बाजारात त्याला पैसे आहेत, ते नाकारून चालणार नाही.

देतील तेव्हा कुठे देतात ते मात्र नीट बघ. तुझ्यासारख्या जुन्या माणसाचं बेसिक वाढवणं कंपनीला महाग पडतं, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर आणि डीएवर, सगळ्या वर्षांची मिळून निघते. बेसिक पाच हजारांनी वाढलं तर पंधरा भागिले सव्वीस (वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून), गुणिले तुझी बारा वर्षं, म्हणजे एकट्या ग्रॅच्युइटीत साडेचौतीस हजारांवर बोजा. नव्या पोराच्या बाबतीत मागचं काहीच नाही. म्हणून तुला 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकून देतील आणि हातात तेवढेच येतात की, म्हणून समजूत काढतील. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झालीय, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचाय. एचआरला हे माहीत असतं, आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळू दे.

सॅलरी स्लिप आणि एप्रिलचं पत्र मला व्हॉट्सअॅपवर पाठव, फोटो सरळ काढ, मागच्या वेळी निम्मं पान तुझ्या अंगठ्याखाली होतं. बेसिक किती मागायचं ते मी काढून देतो. तोवर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू दे. आणि सोमवारी त्या पोराला चहाला घेऊन जा, सीएमएम शिकव म्हणावं.

वहिनींना नमस्कार, चिनूला अनेक आशीर्वाद.

तुझा,
दिग्या