ग्रेट निकोबारच्या बातमीत आमचे मामा कुठंयत?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर होणाऱ्या बंदराबद्दल, विमानतळाबद्दल हल्ली पेपरात बरंच येतंय, झाडं किती तोडणार, कासवांचं काय, तिथल्या शोंपेन आदिवासींचं काय, सगळं बरोबरच आहे, यायलाच पाहिजे. पण त्याच बेटावर पन्नास वर्षांपूर्वी आपली मराठी माणसं सरकारनेच नेऊन बसवली ह्याची एक ओळ पण दिसत नाही म्हणून हे पत्र.

१९६९ ते १९८० मध्ये माजी सैनिकांची ३३० च्या आसपास कुटुंबं कॅम्पबेल बेच्या बाजूला वसवली, पंजाबी, तमिळ, मल्याळी आणि महाराष्ट्रातले पण. देशाचं शेवटचं टोक, पुढे सुमात्रा, तिथं राखायला आपली माणसं हवीत असा हिशोब. आमचे मोठे मामा त्यातलेच. जातीचे सुतार, लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ६५ च्या लढाईत पंजाब बॉर्डरला सुरुंग काढत होते. पेन्शनवर आले तर गावात वाटणीला दीड एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ. मग काय, उचलली ट्रंक, मामीला घेतलं आणि गेले, मद्रासहून बोटीने पोर्ट ब्लेअर, तिथून परत बोट. आजी म्हणायची पोरगं लढाईतनं परत आलं आणि आता काळ्या पाण्याला चाललंय.

जमीन मिळाली म्हणजे काय तर जंगल मिळालं. घरापुरती, भातापुरती आणि डोंगरउताराला नारळ-सुपारीची. पाऊस संपतच नाही, मलेरिया, ओढ्यात मगर. नारळ धरायला लागले की माकडं. मामा म्हणायचे पाकिस्तानी परवडला, त्याची वेळ तरी कळते, माकडाची कळत नाही. नारळाचं उत्पन्न हातात यायला सहा-सात वर्ष जातात, तोवर घर चाललं ते रंधा-पटाशीवर. सगळ्यांनाच घरं बांधायची होती ना, चौकटी, दारं, खाटा, शाळेचे बाक, होडीची फळी बदलणे, पैसे नसले की सरदारजी कोंबड्या द्यायचा. मामा शेतकरी म्हणून गेले पण तिथं त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे.

एक गोष्ट ते स्वतः कबूल करायचे, की हे रान आधी दुसऱ्याचं होतं, आम्हाला सरकारने दिलं म्हणून आमचं झालं. हे बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

२६ डिसेंबर २००४, रविवार, सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप आणि मग समुद्र. घर, शेड, हत्यारं सगळं गेलं. दोघं डोंगराकडे पळाले म्हणून वाचले. बेटच खाली खचलं, दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटला तर चार मीटरच्या वर, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. भाताच्या जागी खारं पाणी आलं ते परत हटलंच नाही. मामा तेव्हा सत्तरीला टेकलेले, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि कुणाकडून तरी करवत मागून घेऊन पहिलं काय केलं तर शेजारणीला पाट करून दिला.

आम्ही म्हटलं आता या गावाला. आले नाहीत. २०११ ला तिकडेच गेले.

आता विमानतळासाठी बेटावरच्या गांधीनगर, शास्त्रीनगरकडच्या जमिनी जाणार आहेत. मोबदला किती कसा ते होईल, भांडणारे भांडतील. माझं म्हणणं एवढंच की तुमचा वार्ताहर तिकडं जाणार असेल तर त्याला कासवांचे फोटो झाले की ह्या वस्त्यांतून पण फिरवा, पहिल्या बोटीने गेलेले आता नव्वदीला आलेत, किती उरलेत कोण जाणे. आमची मामी आहे अजून. कानाने कमी ऐकते, पण मराठी बोलणारं कुणी दारात आलं तर जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि सोबत नारळ पण देईल, माकडांनी ठेवले असतील तर.

आपला एक जुना वाचक,
सातारा