या खेपेला मी विंगेत असेन

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बाबा, तुम्ही विचारलेत की अभिनय शिकायला गेलेल्या मुलीने फळ्या कापायच्या आणि वायरी ओढायच्या कशासाठी. त्यावर आईने तिची जुनी काळजी पुन्हा बोलून दाखवली, की जिथे सगळ्या वर्षांची मुले मिळून एका तालमीच्या खोलीत मावतात, अशा लहान महाविद्यालयाच्या पदवीला पुढे कोण विचारणार. मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच वाटते.

मोठ्या नाट्यसंस्थांमध्ये अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांचे वेगवेगळे विभाग असतात, आणि विद्यार्थी बहुतेक वेळ आपापल्या विभागात असतो. आमच्याकडे तेवढी माणसेच नाहीत. त्यामुळे एका नाटकात ज्याची मोठी भूमिका असते, तो पुढच्या नाटकात प्रकाशयंत्रणेवर बसतो आणि त्यापुढच्या नाटकात वेशभूषेचे कपडे इस्त्री करून क्रमाने लावून ठेवतो. ही पद्धत गरजेपोटी सुरू झाली असेल, पण मी तिच्याकडे तडजोड म्हणून पाहत नाही. स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को या रशियन रंगकर्मींनी 1897 साली सलग 18 तास बसून ज्या नव्या रंगभूमीचा आराखडा ठरवला, आणि जिच्यातून पुढच्या वर्षी मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले, तिच्या मूळ तत्त्वांपैकी एक हेच होते, की आज नायकाचे काम करणाऱ्याने उद्या गर्दीतल्या मुक्या माणसाचे कामही तितक्याच निष्ठेने करावे. तेथे हा नियम करावा लागला होता, आमच्याकडे तो संख्येमुळे आपोआप पाळला जातो.

आपल्या भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात तर अभिनय आणि निर्मिती यांच्यात भिंतच घातलेली नाही. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), सात्त्विक (मनोभावांचा) आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, अलंकार आणि रंगमंचावर लागणाऱ्या कृत्रिम वस्तू. ज्याला आपण आज 'बॅकस्टेजचे काम' म्हणून बाजूला ठेवतो, त्याला त्याने अभिनयातच जागा दिली. बाबा, माझ्या हातातल्या करवतीचे याहून चांगले समर्थन मला सापडलेले नाही. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे येतात. 64 हात लांब आणि 32 हात रुंद असे मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह माणसांसाठी योग्य मानले आहे, आणि कारणही स्पष्ट दिले आहे, की त्याहून मोठ्या जागेत आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव प्रेक्षकांना दिसत नाहीत. आई, लहान जागेची मला खंत का वाटत नाही, ते यावरून तुझ्या लक्षात येईल.

प्रकाशयोजनेचे काम मी शिडीवर चढून शिकले, आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला अभिनेत्री म्हणून झाला. अमेरिकेत प्रकाशयोजनेचे अध्यापक स्टॅन्ले मॅक्कँडलेस यांनी 1932 साली मांडलेली पद्धत आम्ही सुरुवातीलाच करून पाहतो: नटाच्या दोन्ही बाजूंनी वरून, साधारण 45 अंशांच्या कोनातून, दोन दिवे सोडायचे, एक उबदार छटेचा आणि एक थंड, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो आणि तो सपाट दिसत नाही. असे दोन दिवे स्वतः रोखून पाहिल्यावर कळते, की प्रकाशाच्या एका क्षेत्राची कड कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, आणि भावनेच्या भरात अर्धे पाऊल बाजूला पडले तर प्रेक्षकाला फक्त आवाज ऐकू येतो, डोळे दिसत नाहीत. आता मला प्रकाश कपाळावर आणि गालांवर उबेने जाणवतो आणि मी खाली न पाहता नेमक्या जागी उभी राहू शकते. हे शिक्षण मला नुसत्या अभिनयाच्या वर्गात मिळाले नसते.

यंदा माझ्याकडे रंगमंच व्यवस्थापकाचे काम आहे, आणि त्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण हे काम बाहेरून कुणाला दिसत नाही. माझ्याकडे संहितेची एक प्रत असते, जिच्या प्रत्येक पानासमोर एक कोरे पान लावलेले असते. कोण कोणत्या विंगेतून येतो, कोणत्या शब्दावर उठतो, खुर्ची कोण हलवतो, प्रकाशाचा कितवा बदल कोणत्या अक्षरावर व्हायचा, हे सगळे त्या पानावर पेन्सिलीने नोंदवायचे असते. पेन्सिलीनेच, कारण तालमीत रोज काहीतरी बदलते. पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शकाचे काम संपते आणि ठरलेले नाटक दर वेळी तसेच उभे करण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर येते. प्रयोग चालू असताना मी हेडसेटवरून आधी 'स्टँडबाय', म्हणजे तयार राहा, असे म्हणते आणि नेमक्या क्षणी 'गो' म्हणते. 'गो' हा शब्द दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी उच्चारायचा नाही, असा कडक नियम आहे, कारण तो कानावर पडताच पलीकडच्याचे बोट बटण दाबते. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात जमिनीवर चमकणाऱ्या पट्टीच्या लहान लहान खुणांवरून माणसे अवजड सामान हलवत असतात आणि नट आपापल्या जागा घेत असतात, आणि ती सगळी मंडळी माझ्या आवाजावर विसंबून पाऊल टाकतात. कुणी आपल्यावर इतका विश्वास टाकतो, याचे मोल मला इथे समजले.

हेच काम शिकवताना आम्हाला शिकागोच्या इरॉक्वा थिएटरची हकिगत सांगितली जाते. ते नाट्यगृह अगदी नवे होते आणि त्याची जाहिरात अग्निरोधक म्हणून झाली होती. 30 डिसेंबर 1903 च्या दुपारच्या खेळात एका आर्क दिव्याची (विजेच्या ठिणगीने पेटणाऱ्या प्रखर दिव्याची) ठिणगी पडद्याला लागली, आगीपासून वाचवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर पडण्याची काही दारे बंद होती आणि काही उघडता येत नव्हती. सुमारे 600 माणसे गेली, त्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. त्यानंतर नाट्यगृहांचे नियम पुष्कळ कडक झाले. आई, तुला हे वाचून धास्ती वाटेल, पण मी ते मुद्दाम लिहिते आहे, कारण प्रत्येक प्रयोगाआधी सगळी दारे स्वतः ढकलून पाहणे आणि मधल्या वाटा मोकळ्या आहेत ना हे तपासणे, हे माझ्या कामात मोडते, आणि ते मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही.

आवाजाच्या वर्गाविषयी बाबांना मुद्दाम सांगायचे आहे. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही तिथेच असतो. नटाचा श्वास मात्र तोवर संपत आलेला असतो, त्यामुळे 'मी येणार नाही' मधला 'नाही'च नेमका विरून जातो आणि मागच्या रांगेतल्या माणसाला उलटाच अर्थ ऐकू येतो. म्हणून आम्ही शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवायला आणि व्यंजने ओठांवर, जिभेवर नीट घडवायला शिकतो. नुसते मोठ्याने बोलल्याने हे साधत नाही, उलट स्वर फुगतात आणि शब्द बुडतात. बाबा, तुम्हाला अलीकडे कमी ऐकू येते, हे तुम्ही कुणाजवळ बोलत नाही, पण मला ठाऊक आहे. सराव करताना शेवटच्या रांगेत तुम्ही बसला आहात असे मी धरून चालते, आणि फोनवर मी हल्ली सावकाश बोलते, तेही याच सवयीने.

लहान महाविद्यालयाच्या उणिवाही आहेत. पडदे वर ओढून घेण्यासाठी रंगमंचावर पुरेशी उंची नाही, दिवे मोजके आहेत, त्यामुळे काही गोष्टी आम्ही फक्त आकृत्यांवरून शिकतो. याहून मोठी अडचण मला अशी वाटते, की शिक्षक थोडे असल्यामुळे त्यांची आवडनिवड विद्यार्थ्यांवर फार लवकर उमटते. त्यावर उपाय म्हणून मी बाहेरचे प्रयोग जमेल तेवढे पाहते आणि निरनिराळ्या परंपरांविषयी वाचत राहते. पुढच्या मिळकतीबाबत तुम्हाला खोटा दिलासा देणे मला पटणार नाही. अभिनयाचे काम सगळीकडेच अनियमित असते आणि दोन कामांच्या मध्ये मोठी पोकळी येते. परंतु जिला प्रकाशयंत्रणा हाताळता येते, प्रयोगाचे व्यवस्थापन जमते आणि वेशभूषेचा हिशेब ठेवता येतो, तिला नृत्याच्या, संगीताच्या कार्यक्रमांत आणि प्रदर्शनांतही काम मिळू शकते, शाळांमध्ये मुलांना नाटक शिकवता येते. ती पोकळी भरून काढण्याचे साधन मी आत्ताच हाती घेत आहे, असे समजा.

पुढच्या महिन्यात आमच्या नाटकाचे प्रयोग आहेत आणि तुम्ही दोघांनी यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी रंगमंचावर दिसणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही मला शोधत बसणार नाही. तरीही दिवे मंद होतील, खिडकीतून सकाळ आत येईल, दाराची कडी वाजेल, त्या प्रत्येक वेळी विंगेतून मी सांगितलेले असेल. आईच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून पायऱ्या नसलेल्या बाजूच्या दाराजवळच्या, मधल्या वाटेला लागून असलेल्या दोन खुर्च्या मी राखून ठेवते. बाबांचा डावा कान रंगमंचाकडे राहील अशाच त्या आहेत. शेवटचा प्रयोग संपला की नेपथ्य उतरवायचे असते आणि मला उशीर होईल, तेव्हा शक्यतो आधीच्या एखाद्या दिवशी या, म्हणजे प्रयोगानंतर निवांत बोलता येईल. कोणता दिवस सोयीचा आहे तेवढे लवकर कळवा.

तुमची लेक